एका ऑर्डरमागे हातात किती उरतात? नव्या डिलिव्हरी रायडरसाठी कमाईचा हिशोब

झोमॅटो असो की स्विगी, ऑर्डर पडली की स्क्रीनवर आकडा दिसतो : ₹३५, ₹४८, ₹६२. नवीन माणूस दिवसभर हे आकडे मनात जोडत राहतो आणि आठवड्याने खात्यात आलेली रक्कम बघून चक्रावतो. कधी कमी आलेले असतात, कधी चक्क जास्त. दोन्हीची कारणं अ‍ॅपमध्येच असतात, पण चार वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली. हा लेख पुण्यातल्या दुचाकीवरच्या रायडरला डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. मुंबई, नाशिक, नागपूरला दर वेगळे असतील, हिशोबाची रीत हीच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 'ऑर्डरला किती देतात?' हा प्रश्न सगळे विचारतात, पण त्याच्या उत्तराने फारसं काही कळत नाही. लॉगिन केल्यापासून लॉगआउट करेपर्यंत तासाला किती पडले आणि गाडी जेवढी फिरली त्याचा खर्च जाऊन किती उरले, यावरच हे काम परवडतं की नाही ते ठरतं.

पायरी १ : ग्राहकाचं बिल विसरा, रेट कार्ड उघडा

ग्राहकाच्या बिलावर डिलिव्हरी चार्ज असतो, प्लॅटफॉर्म फी असते, पॅकिंगचे पैसे असतात, पावसात जादा फी असते. टिप सोडली तर यातलं काहीही जसंच्या तसं तुमच्याकडे येत नाही. प्लॅटफॉर्म फी २०२३ मध्ये ऑर्डरमागे ₹२ पासून सुरू झाली आणि वाढत गेली. ती पूर्ण कंपनीची. डिलिव्हरी चार्जवर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागलेला १८ टक्के जीएसटी सरकारचा. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. ग्राहकाकडे मेंबरशिप आहे आणि त्याला डिलिव्हरी फुकट पडली, म्हणून तुमचे पैसे बुडत नाहीत.

बिलाच्या रकमेशीही तुमचा संबंध नाही. ₹१२० ची इडली आणि ₹१,८०० ची पार्टी ऑर्डर एकाच हॉटेलातून एकाच सोसायटीत गेली, तर दर जवळपास सारखाच. मोठी ऑर्डर जड असते आणि वाट जास्त बघायला लावते, एवढाच फरक.

तुमचा दर ठरतो अ‍ॅपमधल्या रेट कार्डवर. ते शहराप्रमाणे, झोनप्रमाणे, कधी कधी वाहनाप्रमाणेही बदलतं आणि बदलताना कोणी फोन करून सांगत नाही. दर सोमवारी सकाळी रेट कार्ड आणि इन्सेंटिव्हचं (टार्गेट पूर्ण केल्यावर मिळणाऱ्या जादा पैशांचं) पान या दोन्हीचे स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावा. पुढे भांडायची वेळ आली तर हाच पुरावा.

पायरी २ : ऑर्डरचा आकडा फोडून बघा

ऑर्डर पूर्ण झाल्यावर तिच्यावर टॅप केलं की तपशील उघडतो. नावं प्रत्येक अ‍ॅपमध्ये थोडी वेगळी, घटक साधारण हेच :

ऑर्डरचा मूळ दर. ऑर्डर उचलून पोहोचवल्याबद्दलची ठरलेली रक्कम.

अंतराचे पैसे. याचे दोन तुकडे असतात : तुम्ही उभे आहात तिथून हॉटेलपर्यंत आणि हॉटेलपासून ग्राहकापर्यंत. दोन्हींचा दर सारखा असेलच असं नाही. हॉटेलपर्यंतच्या अंतराला बहुधा कमी मिळतात. अंतर नकाशावरच्या रस्त्याने मोजलं जातं, गाडीच्या मीटरवरून नाही. सदाशिव पेठेतली एकेरी वाहतूक चुकली आणि वळसा पडला, तर तो वळसा तुमच्या पेट्रोलवर.

थांबण्याचे पैसे. हॉटेलात ऑर्डर तयार नसेल तर काही मिनिटं फुकट धरून त्यापुढे मिनिटाप्रमाणे पैसे देण्याची पद्धत आहे. हा मीटर तुम्ही 'पोहोचलो' दाबल्यावर सुरू होतो. पोहोचताच दाबा. गाडी लावून, चहा सांगून मग दाबलं तर ती मिनिटं गेली. आणि चौकातूनच आधी दाबलं तर जीपीएस पकडतो, आयडीवर (अ‍ॅपमधल्या तुमच्या खात्यावर) शेरा पडतो. दोन रुपयांसाठी आयडी ब्लॉक करून घेण्यात अर्थ नाही.

सर्ज. मागणी वाढली की ऑर्डरमागे मिळणारे जादा पैसे : पाऊस, रात्रीची वेळ, ३१ डिसेंबर, क्रिकेटचा मोठा सामना. सर्ज झोनवर आणि वेळेवर लागतो. त्यामुळे 'बाणेरला चालू आहे' असं ऐकून कोथरूडहून तिकडे धावण्यात मजा नाही. पोहोचेपर्यंत तो बहुतेक उतरलेला असतो.

लांबच्या ऑर्डरचे जादा पैसे. ठरावीक अंतरापलीकडे काही ठिकाणी परतीसाठी थोडे पैसे जोडले जातात. हे प्रत्येक झोनमध्ये नसतं, म्हणून रेट कार्डमध्ये खास शोधा.

एकाच हॉटेलातून दोन ऑर्डर एकत्र पडल्या तर नवीन माणसाला दुप्पट पैशांची आशा वाटते. तसं होत नाही. हॉटेलपर्यंतचं अंतर एकदाच धरलं जातं, दुसऱ्या ऑर्डरचा मूळ दर कमी असतो. तरीही जोडऑर्डर सहसा फायद्याचीच, कारण एका फेरीत टार्गेटमधल्या दोन ऑर्डर भरतात. अपवाद एकच : दोन ग्राहक विरुद्ध दिशांना असले तर.

पायरी ३ : तीच ऑर्डर खर्चासकट मांडा

आधी गाडीचा किलोमीटरचा खर्च काढा. समजा पेट्रोल ₹१०४ लिटर आणि तुमची स्कूटर शहरात ४५ चं अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे किलोमीटरला ₹२.३०. ऑइल, सर्व्हिसिंग, ब्रेक, टायर, बेल्ट यांचे ७० पैसे धरा. झाले ₹३. गाडी हप्त्यावर असेल तर हप्ता वेगळा. भाड्याची इलेक्ट्रिक गाडी असेल तर दिवसाचं भाडं भागिले दिवसाचे किलोमीटर, इतकं सोपं.

आता दोन ऑर्डर घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे तुम्ही भरा.

पहिली, नळ स्टॉपजवळच्या हॉटेलातून बावधनला. दाखवलेली रक्कम ₹६२. हॉटेलपर्यंत १.८ किलोमीटर, ग्राहकापर्यंत ४.२, आणि पुन्हा हॉटेलांच्या पट्ट्यात यायला रिकामे ३. एकूण ९ किलोमीटर, खर्च ₹२७, उरले ₹३५. वेळ : जायला ८ मिनिटं, हॉटेलात १४, रस्त्यात १६, सोसायटीचं गेट आणि लिफ्ट ४, परत यायला १०. एकूण ५२ मिनिटं. तासाला पडले साधारण ₹४०.

दुसरी, कर्वे रस्त्यावरच्या हॉटेलातून एरंडवण्यात. रक्कम फक्त ₹३५. जाणं ०.६, पोहोचवणं १.५, परत १.२ किलोमीटर. खर्च ₹१०, उरले ₹२५. एकूण वेळ २४ मिनिटं. तासाला ₹६२.

म्हणजे ₹३५ वाली ऑर्डर ₹६२ वालीपेक्षा चांगली निघाली. शिवाय तेवढ्या वेळात टार्गेटमध्ये दोन ऑर्डर भरल्या असत्या. परतीचे रिकामे किलोमीटर अ‍ॅप दाखवत नाही, म्हणून नवे रायडर ते धरत नाहीत, आणि सगळा फरक तिथेच पडतो. हिंजवडीत संध्याकाळी सात वाजता लांबची ऑर्डर घेऊन मारुंजीकडे गेलेल्या माणसाला विचारा.

आता अशी लांबची ऑर्डर नाकारावी का? रोजच्या रोज नाकारत बसलात तर ऑर्डर कमी पडतात आणि इन्सेंटिव्हची पात्रता जाते. नाकारण्यापेक्षा उभं राहण्याची जागा बदलणं जास्त कामाला येतं. छोट्या अंतरात हॉटेलं आणि सोसायट्या दोन्ही दाट असतील असा पट्टा शोधा. मोठ्या रस्त्याच्या शेवटच्या टोकाला थांबलात की अ‍ॅप तुम्हाला आणखी बाहेर ढकलतं.

पायरी ४ : इन्सेंटिव्हची अट शेवटपर्यंत वाचा

एकट्या ऑर्डरच्या दरावर फारसं कोणाचं भागत नाही. दिवसाचं किंवा आठवड्याचं टार्गेट पूर्ण केलं की एकरकमी पैसे मिळतात, आणि कंपन्या रायडरला रस्त्यावर धरून ठेवतात ते याच्याच जोरावर. समजा आठवड्याला ७० ऑर्डरला ₹७०० आणि ९० ऑर्डरला ₹१,१०० अशी शिडी आहे. रविवारी संध्याकाळी तुमच्या ८४ झाल्या आहेत. उरलेल्या सहा ऑर्डरवर जादा ₹४०० आहेत, म्हणजे ऑर्डरमागे ₹६६ च्या वर. अशा वेळी कंटाळा करू नये. पण ७६ वर असाल आणि हातात तीन तास असतील, तर १४ ऑर्डर तीन तासांत होत नाहीत. सिग्नल तोडूनही होत नाहीत. ₹७०० पदरात पडलेत, साधं काम करा किंवा घरी जा.

अटी बारीक अक्षरात असतात : शनिवार-रविवारचं लॉगिन सक्तीचं, दुपारच्या आणि रात्रीच्या गर्दीत अमुक तास ऑनलाइन, नाकारलेल्या ऑर्डरवर मर्यादा, बुक केलेला स्लॉट (आधी निवडून ठेवलेली कामाची वेळ) सोडायचा नाही. एक अट चुकली की ९० ऑर्डर होऊनही इन्सेंटिव्ह शून्य दिसतं. त्यातही स्लॉटची अट सर्वात जास्त लोकांना नडते. रात्री आठचा स्लॉट घेतला आणि आठ वीसला लॉगिन केलं, तर काही ठिकाणी तो स्लॉट धरलाच जात नाही.

मिनिमम गॅरंटी, ज्याला सगळे एमजी म्हणतात, ती सहसा नव्या रायडरला सुरुवातीच्या आठवड्यांत देतात. भरतीच्या वेळी 'आठवड्याला ₹५,००० पक्के' असं सांगितलं जातं आणि ऐकणारा ते ऑर्डरच्या पैशांवर जादा समजतो. तसं नाही. ठरलेले तास भरूनही ऑर्डरचे ₹४,३०० च झाले, तर कंपनी वरचे ₹७०० घालते. ऑर्डरचेच ₹५,२०० झाले तर काहीच घालत नाही. एमजीत टिप धरतात का, इन्सेंटिव्ह धरतात का, हे टीएलला (टीम लीडरला) तोंडी विचारू नका. मेसेजवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पायरी ५ : कॅशचा गुंता

रोख ऑर्डरचे पैसे ग्राहक तुमच्या हातात देतो. ते कंपनीचे आहेत, पण खिशात तुमच्या असतात. अ‍ॅपमध्ये ही रक्कम वेगळी चढत जाते आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की भरणा करेपर्यंत ऑर्डर पडणं थांबतं. हे नेमकं रात्री नऊला होतं, भर गर्दीत. म्हणून दुपारची पाळी संपली की तेव्हाच भरून टाका.

भरली नाही तर काय? आठवड्याच्या पैशांतून वळती होते. इथे घोळ होतो. बुधवारी पेट्रोल टाकलं, गुरुवारी किराणा घेतला, सगळं त्याच नोटांनी. आणि पेआउट आला की 'पैसे कापले' असं वाटतं. कापले नाहीत, आधीच खर्च झाले. कंपनीच्या कॅशसाठी पाकिटाचा एक कप्पा वेगळा ठेवा. सोबत दहा-वीसच्या नोटा असू द्या. सुट्टे नाहीत म्हणून सोडलेले पाच-सात रुपये महिन्याकाठी भरतात, आणि ते तुमच्याच खिशातून जातात.

टिपचं सरळ आहे. अ‍ॅपवर दिलेली टिप तपशिलात वेगळ्या ओळीत दिसते. तिच्यावर घरखर्च मात्र मांडू नका. झोमॅटोनेच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार जेमतेम ५ टक्के ऑर्डरवर टिप मिळते, आणि २०२५ मधली सरासरी तासाला ₹२.६० होती.

पायरी ६ : आठवड्याचं स्टेटमेंट वाचा

सोमवार ते रविवार हिशोब आणि पुढच्या आठवड्यात खात्यात रक्कम, अशी सर्वसाधारण पद्धत. एक धरलेलं स्टेटमेंट बघू.

ऑर्डरचे ₹४,१५०
इन्सेंटिव्ह ₹१,१००
टिप ₹९०
एकूण कमाई ₹५,३४०
वजा हातातली कॅश ₹१,२८०
वजा बॅग आणि टी-शर्टचा हप्ता ₹२००
वजा टीडीएस (आधीच कापलेला प्राप्तिकर) ₹५३
खात्यात ₹३,८०७

खरी कमाई ₹३,८०७ नाही, ₹५,३४० पण नाही. कॅश तुमच्याकडेच होती, तेव्हा ती तोट्यात धरायची नाही. पण गाडी आठवड्यात ५२० किलोमीटर फिरली असेल, तर ₹३ प्रमाणे ₹१,५६० तिने खाल्ले. बॅगचा हप्ता आणि टीडीएस बाजूला ठेवले तर उरले ₹३,७८०. लॉगिन ५२ तास. तासाला साधारण ₹७३.

हा आकडा कशाशी ताडून बघायचा? ३१ डिसेंबर २०२५ च्या रायडरांच्या संपानंतर झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी काही आकडे मांडले. टिप सोडून, वाट बघण्याचा वेळ धरून, २०२५ मध्ये लॉगिनच्या तासाला सरासरी ₹१०२; आदल्या वर्षी ₹९२. रोज १० तास, महिन्याला २६ दिवस केले तर सुमारे ₹२६,५००, आणि पेट्रोल-मेंटेनन्सचे २० टक्के जाऊन ₹२१,००० च्या आसपास. आपल्या उदाहरणातली खर्चाआधीची कमाईसुद्धा टिप धरून तासाला ₹१०२-१०३ च आहे, पण खर्च २० टक्के नाही, २९ टक्के निघतो. रिकामे किलोमीटर मोजले की टक्का असा चढतो. तुमचा किती आहे ते सोमवारी सकाळी गाडीच्या मीटरचा फोटो आणि पुढच्या सोमवारी दुसरा फोटो काढून बघा. अंदाजाने सांगू नका, कारण माणूस स्वतःशी नेहमी कमीच सांगतो.

तासाचा आकडा सुधारायचा तर तास निवडावे लागतात. दुपारी साडेबारा ते तीन आणि रात्री सात ते अकरा हे खरे कमाईचे. चार ते सहा ऑनलाइन राहून नुसतं झाडाखाली बसलात तर लॉगिनचे तास भरतात, पैसे नाही. इन्सेंटिव्हला ते तास लागत नसतील तर सरळ बंद करून जेवून घ्या. गणेशोत्सवात संध्याकाळी पेठांमधले रस्ते बंद असतात. त्या दिवसांत मध्यवस्तीतला झोन घेऊ नका, नकाशा दोन किलोमीटर दाखवतो आणि तुम्ही पाऊण तास लक्ष्मी रोडच्या अलीकडे अडकता.

पायरी ७ : कापाकापी, कर आणि कायदा

दंड हा वेगळा विषय. ऑर्डर स्वीकारून रद्द केली, पदार्थ सांडला, ग्राहकाने 'मिळालंच नाही' म्हटलं, की रक्कम वळती होऊ शकते. ग्राहक फोन उचलत नसेल तर अ‍ॅपमधूनच फोन करा, स्वतःच्या नंबरवरून नाही. अ‍ॅपमधल्या कॉलची नोंद राहते. दारात ठेवायला सांगितलं असेल तर फोटो काढाच.

तुम्ही कंपनीचे पगारी कर्मचारी नसता, त्यामुळे पीएफ नाही, पगारी सुट्टी नाही आणि प्राप्तिकरात हे उत्पन्न पगार म्हणून धरलं जात नाही. टीडीएस कापला जात असेल तर साधारण १ टक्का असतो. पॅन जोडलेलं नसेल तर २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून पॅन पहिल्या दिवशीच भरा. वर्षाची कमाई करपात्र मर्यादेच्या आत असेल तर रिटर्न भरून कापलेली रक्कम परत मिळते. बरेच जण 'एवढ्याशा पैशासाठी कोण करत बसेल' म्हणून सोडून देतात. हजार-दोन हजार रुपये सोडण्याइतकं हे काम श्रीमंत नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची आहे, कमाल मर्यादा कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के. हे पैसे द्यायची जबाबदारी कंपनीची. केंद्राने डिसेंबर २०२५ मध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यात लाभासाठी वर्षात एका कंपनीत किमान ९० दिवस, किंवा अनेक कंपन्या मिळून १२० दिवस काम अशी अट होती. म्हणून कोणत्या दिवशी कुठे काम केलं याची नोंद ठेवा, आणि असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर आधारने नोंदणी करून घ्या. ती फुकट आहे. नाक्यावर कोणी दोनशे रुपये मागत असेल तर देऊ नका.

अपघात विम्याचं कलम मात्र आजच वाचा. विमा फक्त ऑर्डर चालू असताना लागू आहे की लॉगिन असताना, की घरून निघाल्यापासून? हॉस्पिटलचं नाव यादीत आहे का? दाव्यासाठी किती तासांत कळवायचं? विम्यासाठी कळवायचा नंबर घरच्यांच्या फोनमध्येही सेव्ह करून द्या, कारण वेळ आली तर फोन तेच करणार आहेत. गाडीच्या स्वतःच्या विम्यात डिलिव्हरीच्या कामाला मनाई आहे का, हेही एजंटला विचारून घ्या.

पायरी ८ : पैसे कमी आले तर

आठवडा बंद व्हायच्या आत तक्रार टाका. नंतर उत्तर येतं, पैसे येत नाहीत. 'पैसे कमी आलेत' एवढंच लिहिलं तर छापील उत्तर मिळतं. एका तक्रारीत एकच ऑर्डर घ्या आणि लिहा : ऑर्डरचा नंबर, तारीख, दाखवलेलं अंतर, नकाशावरचं अंतर, हॉटेलात पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ, रेट कार्डप्रमाणे किती व्हायला हवे होते, किती आले. सोबत सोमवारचा स्क्रीनशॉट. इन्सेंटिव्हची तक्रार असेल तर कोणती अट पूर्ण झाली नाही असं अ‍ॅप म्हणतं, ते आधी विचारा, मग वाद घाला. टीएलला फोन करायचाच असेल तर तक्रारीचा नंबर मिळाल्यावर करा आणि बोलणं झालं की तेच दोन ओळींत त्याला मेसेज करून ठेवा.